पंधरा सेंटिमीटर

जुलैत ठाण्यात केस वाळत नाहीत, फार तर कमी ओले होतात. हवेतच इतकं पाणी असतं, की केसातल्या पाण्यानं जायचं कुठं? सकाळी न्हाऊन आंबाडा घातला तर रात्री सोडताना त्याला माळ्यावरच्या सतरंजीसारखा वास येतो. म्हणून हेअर ड्रायर घ्यायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. बाकीच्यांनी मतं दिली.

अट एकच होती, केस जळता कामा नयेत. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, ओल्या केसाच्या आत पाणी मुरलेलं, आणि आच फार झाली तर ते पाणी आतल्या आत उकळून केसात बुडबुडे होतात. हे वाचल्यापासून माझी झोप उडाली होती. सासूबाईंचं म्हणणं, “डोक्यावर आग ओतून घ्यायचीच कशाला?” ह्याच सासूबाईंनी माझ्या बाळंतपणात शेगडीत निखारे घालून, त्यावर ऊद टाकून, वर उलटी टोपली ठेवून माझे केस तिच्यावर पसरले होते. पण ती धुरी. ती आग सात्त्विक असते.

घरात खरं तर एक ड्रायर होता. न्यूजर्सीच्या नणंदबाईंनी आणलेला, 1875 वॉटचा, मखमली पिशवीतला. तो 120 व्होल्टवर चालणारा. नवऱ्यानं कागद-पेन्सिल घेऊन सिद्ध केलं, की आपल्या 230 व्होल्टवर लावला तर तो जवळजवळ सात हजार वॉट ओढू पाहील. “म्हणजे तीन गिझर एकदम तुझ्या डोक्यावर,” असं तो म्हणाला. हिशेब बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला.

दुकानातल्या मुलानं पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, आयनिक हवा की टूर्मलीन?” टूर्मलीन हा रत्नांत मोडणारा खनिज दगड. आमच्या घरात रत्न घ्यायचं तर आधी पत्रिका काढतात, इथे तर ते जाळीला लावून विकत होते. आयनांनी, म्हणजे हवेतल्या वीजभारित कणांनी, काय होतं? “केसातली स्थिर वीज जाते, मॅडम.” अरे बाबा, स्थिर वीज केसात साठायला हवा कोरडी लागते. जुलैतल्या ठाण्यात केस उभे राहतात ते फक्त वीजबिल बघून.

मग वॉट. मी आपली कमी वॉट म्हणजे कमी आच असं धरून चालले होते. पण तसंही नाही. तार तेवढीच तापली आणि पंखा जोरात असला, तर तीच उष्णता जास्त हवेत वाटली जाते आणि झोत उलट कोमट येतो. पंखा मरतुकडा असेल तर कमी वॉटचा ड्रायरही चटका देतो. तेव्हा बघायचं हे, की वाऱ्याचं बटण आणि आचेचं बटण वेगळं आहे का, आणि गार हवेचं बटण आहे का. ह्या प्रश्नावर त्या मुलानं खोक्यावरच्या बाईकडे पाहिलं. तिचे केस कोरडेच होते.

दोन हजार वॉटचा जवळजवळ पसंत पडला होता, तेवढ्यात नवऱ्याला प्लग दिसला. आरशाजवळचा पॉइंट 6 अँपिअरचा, म्हणजे 1380 वॉटला त्याचं काम संपलं. मोठ्या पिनेचे पॉइंट घरात तीनच. एक न्हाणीघरात गिझरचा, छताला लागून. एक एसीचा, त्याहून वर. तिसरा स्वयंपाकघरात, मायक्रोवेव्हचा. आमटीशेजारी केस मोकळे सोडून उभी राहिले असते, तर सासूबाईंनी मला त्याच शेगडीवर ठेवलं असतं. 1200 वॉटचा घेतला.

आता खरी गंमत. कोरियातल्या संशोधकांनी 2011 साली केसांच्या बटा वेगवेगळ्या अंतरावरून वाळवून पाहिल्या. ड्रायर 5 सेंटिमीटरवर धरला तर केसापाशी 95 अंश, 15 सेंटिमीटरवर 47. आणि निष्कर्ष असा, की 15 सेंटिमीटरवरून, सतत हलवत ठेवून वाळवलेले केस आपोआप वाळू दिलेल्यांपेक्षाही बरे राहिले. फार वेळ ओलं राहणंही केसाला आतून बाधतं. सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग धुरी काय वाईट होती?”

म्हणजे रत्नं, आयन, सगळं एकीकडे आणि अंतर एकीकडे. पंधरा सेंटिमीटर म्हणजे बरोबर कंपासपेटीतली पट्टी. पहिले काही दिवस मी डाव्या हातात लेकीची पट्टी आणि उजव्या हातात ड्रायर घेऊन उभी राहायची. कोरियन लोकांचं काम त्या अंतरावर मिनिटाभरात झालं होतं, पण त्यांच्यापुढे एक बट होती. माझ्या कमरेपर्यंतच्या केसांना लागतो तितक्या वेळात कुकर होतो, आणि खांद्याला मुंग्या येतात त्या वेगळ्या. हे सगळं सोसून ठाणे स्टेशनवर पोहोचावं, तर तिथली दमट हवा पाच मिनिटांत सगळं पूर्ववत करते.

ड्रायर मात्र वाया गेलेला नाही. सकाळी नवरा त्याच्यावर लेकीचे शाळेचे मोजे वाळवतो, पूर्ण आचेवर, नळी मोज्यात खुपसून. मी अंतराबद्दल बोलले तर म्हणतो, “नायलॉन आहे. ह्यात केराटिन नसतं.”