शेवटचा अंतरा खातं कोण?

नाशिकरोडच्या कट्ट्यावर विषय निघाला भीमगीतं लिहिणाऱ्या लोककवी वामनदादा कर्डकांचा. आंबेडकर जयंतीच्या मंचावर हल्ली त्यांची गाणी होतात, पण 'वामन' काही ऐकू येत नाही.

मास्तर तापलेच. "दादा आपलं 'वामन' हे नाव गुंफायचे शेवटच्या अंतऱ्यात. आताचे गायक दोन अंतरे म्हणतात, मुखड्यावर येतात, तिहाई घेतात, म्हणजे तोच तुकडा तीनदा घेऊन संपवतात, झालं! १९४३ पासून हा माणूस लिहितोय, गावोगाव फिरून स्वतः गातोय, आणि 'वाटचाल' हा संग्रह छापून आला १९७३ साली. मधली तीस वर्षं गाणी वहीतून वहीत उतरवली गेली. कवीचं नाव टिकायला गाण्याशिवाय जागा कुठं होती?"

"मास्तर, वेळेचं बोला," साउंडवाला म्हणाला. "रात्री दहाला भोंगे बंद. ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत, तीही सरकारनं दिली तर. पूर्वी गाण्यांचे सामने पहाटेपर्यंत रंगायचे, तेव्हा सहा-सहा अंतरे परवडायचे. आता सातचा कार्यक्रम आठला सुरू, वर पाहुण्यांचे सत्कार. गायकाला मिळतो जेमतेम सव्वा तास."

ढोलकीवाल्याला हे पटेना. "सत्कार गाण्याच्या आधी होतात रे. गाण्यात वेळ खातात ती बक्षिसं. अंतरा ऐन रंगात असताना नोट येते. गायक थांबतो, 'अमुक भाऊंकडून शंभर रुपये' म्हणतो, तोवर मी नुसता ठेका धरून. अशा तीन नोटा आल्या की चढलेली लय बसते. मग तो उरलेला अंतरा सोडून मुखड्यावर उडी मारतो, कारण तिथं टाळी हमखास."

"बक्षिसांची वही ठेवा कोरसमधल्या एकाकडे," मास्तर म्हणाले. "गाणं संपल्यावर सगळी नावं एकदम वाचा."

"देणारा रुसतो ना! त्याला नाव गाणं चालू असतानाच ऐकायचं असतं."

"म्हणजे शंभर रुपयेवाल्याचं नाव गाण्यात बसतं, लिहिणाऱ्याचं तेवढं बसत नाही!"

यावर दोघंही गप्प. मग साउंडवाल्यानं नवं काढलं. "म्हटला अंतरा तरी ऐकू येईल याची खात्री काय? शेवटाला हा ढोलकीवाला लग्गी सोडतो, म्हणजे ठेका दुप्पट जलद करतो, कोरस चढतो, आणि गायक जोशात माईकची जाळी मुठीत धरतो. जाळी झाकली की माईक चहूकडचा आवाज ओढतो, गायकासमोर ठेवलेल्या स्पीकरचा, म्हणजे मॉनिटरचासुद्धा. शिट्टी वाजते, मी घाईनं आवाज खाली घेतो. नाव बुडतं ते तिथं."

"उपाय सांग की."

"मूठ दांड्यावर, जाळी ओठांपासून तीन-चार बोटं. कोरसला वेगळा माईक, हातभर लांब. ढोलकीच्या दोन्ही तोंडांना एकेक, धुमेचा, म्हणजे खर्जाच्या तोंडाचा, जरा मागे, नाहीतर नुसतं घुमतं. आणि इको वाढवा म्हणून माझ्या डोक्यावर बसू नका, इकोत जोडाक्षरं एकमेकांवर चढतात."

"आणि लग्गी काढू? लोक उठून जातील," ढोलकीवाला.

"काढू नकोस," मास्तर म्हणाले. "नावाची ओळ पहिल्यांदा साध्या केरवा ठेक्यात जाऊ दे, कोरस गप्प. दुसऱ्यांदा तीच ओळ घे आणि मग सोड लग्गी. वेळ कमी असेल तर मुखडा, पहिला अंतरा आणि थेट शेवटचा. कात्री लावायचीच तर मधे लावा. फक्त गोष्ट सांगणारं गाणं असेल तर मधलं कापू नका, शेवटाचा अर्थच लागणार नाही. तसलं गाणं त्या रात्री घेऊच नये."

"यूट्यूबवर तर सर्रास 'पारंपरिक' लिहितात," साउंडवाला म्हणाला.

"पारंपरिक कसलं! दादा गेले २००४ साली. पुढची साठ वर्षं, म्हणजे २०६४ सरेपर्यंत गाण्यांवर हक्क आहे. शिवाय कवीनं गाणं विकलं तरी हे माझं आहे म्हणण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, कायद्यात कलम ५७ आहे तसं."

ढोलकीवाला अजून नोटांवरच अडलेला. "वहीचं सांगा हो मास्तर. गायकाची बिदागी मंडळ पुरती देत नाही, वरची कमाई त्या नोटांचीच. गाणं संपेपर्यंत थांबायला सांगितलं आणि देणारा पैसे खिशात घालून घरी गेला, तर भरून कोण देणार?"

"मंडळानं बिदागी वाढवावी."

"मग आधी मंडळाशी भांडा," तो म्हणाला, "गायकाशी नंतर."