गोधडीचे तास

गेल्या दिवाळीत अमळनेरला घरच्या बैठकीत एक विषय निघाला: शिंप्यांकडे साचणाऱ्या चिंध्यांतून गोधड्या आणि पिशव्या शिवण्याचे काम तालुक्यातल्या दिव्यांग कारागिरांना द्यायचे, तर वेगळे केंद्र काढून थोडे मानधन द्यावे की रीतसर मजुरी? नाना मानधनाच्या बाजूचे. "दोन पैसे मिळतील, वेळही जाईल," असे ते म्हणाले. ते वाक्य मला जर्मनीत, लाइपझिगला परतल्यावरही बोचत राहिले.

इथे जर्मनीत अशाच वेगळ्या, दिव्यांगांसाठीच्या कार्यशाळांत सुमारे 3 लाख लोक काम करतात. 2025 मध्ये देशाचे किमान वेतन ताशी 12.82 युरो असताना त्यांच्या हाती महिन्याला सरासरी सव्वादोनशे युरोंच्या आसपास पडत होते, कारण कायदा त्यांना पूर्ण अर्थाने कामगार मानत नाही. निर्वाहाची मदत वेगळी मिळते हे खरे, पण तिथून खुल्या नोकरीत जाणारे फारच थोडे. घ्यायचेच असेल तर इथला दुसरा नियम घ्यावा: 20 किंवा अधिक नोकऱ्या असलेल्या मालकाने 5 टक्के जागा तीव्र अपंगत्व असलेल्यांना द्यायच्या, नाहीतर भरपाई भरायची. आपला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण देतो; खासगी मालकांसाठी मात्र प्रोत्साहनापलीकडे जात नाही.

नानांना मी मावशीचे काम नीट पाहायला सांगतो. पोलिओमुळे तिला शिलाई मशीनचे पायडल मारता येत नाही, म्हणून मशीनला मोटर जोडून तिचे बटण कोपराशी बसवले आहे. चिंध्यांच्या ढिगात हात घालून ती न पाहता सुती एकीकडे आणि टेरिकॉट दुसरीकडे काढते. मिश्र धाग्याचे कापड पुन्हा वेगळे करून सूत काढणे अवघड असते, त्यामुळे तो तुकडा वाया जाऊ द्यायचा नसेल तर शिवणे हाच सोपा मार्ग. अस्तराला भांडेवालीला न दिलेले जुने लुगडे, वरून हाताने धावदोरा, आणि कोपऱ्यांवर टाके इतके बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळत नाहीत. हे कसब आहे, आणि दयेपोटी घेणारे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा सहसा येत नाही.

माझ्या सांगण्यावरून मावशीने वहीत रोजचे तास लिहायला घेतले. दुहेरी पलंगाच्या एका गोधडीला 41 तास लागले. वहीच्या त्या पानाचा फोटो मी नानांना पाठवला आहे आणि शेतात निंदणीला येणाऱ्या बाईला ते तासाचे काय देतात, एवढेच खाली विचारले आहे.