किती मिलिलिटर रक्त?

माणसांवरच्या संशोधनाला नैतिक मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीकडून माझा संशोधन प्रस्ताव काल तिसऱ्यांदा परत आला आणि या खेपेचा शेरा असा : ‘प्रत्येक सहभागीकडून किती मिलिलिटर रक्त घेणार, हे नमूद केलेले नाही.’ मी लालबाग-परळच्या चाळींत जाऊन निवृत्त गिरणी कामगारांकडून कार्डिंग म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यातल्या धुळीच्या, दम्याच्या, क्षयाच्या आठवणी ऐकणार आहे. माझ्याकडे एक रेकॉर्डर आणि फार तर बिस्किटांचा पुडा असेल. सुट्टीनंतर पाळीवर गेले की त्याच दिवशी छाती कशी आवळून यायची, हे सांगताना एखाद्याचे रक्त उसळेलही, पण ते मोजायचे कशात? मागच्या वेळी त्या रकान्यात मी ‘लागू नाही’ असे लिहिले होते, तेव्हा ‘रकाना नीट भरावा’ असे उत्तर आले होते.

त्याआधी संमतिपत्राचे मराठी भाषांतर आणि मग त्याचे उलट इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून मागितले, त्यात भाषांतरकाराने ‘मौखिक इतिहास’ याचा ‘मुखाचा इतिहास’ केला आणि एका सदस्यांनी गंभीरपणे विचारले की दंतवैद्य कोण आहेत. पंधरा प्रती, त्याही स्पायरल बाइंडिंगच्या, प्रत्येक खेपेला नव्याने.

नऊ पानांचे ते संमतिपत्र मी सरावासाठी शेजारच्या आजींना वाचून दाखवले. तिसऱ्या पानावर त्या म्हणाल्या, “अगं, घर लिहून घेतेस की काय?” भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीच्या मान्यतेने तोंडी संमतीही चालते, हे मी प्रस्तावात अधोरेखित करून जोडले होते, ते पान कोणी उलटले असेल असे वाटत नाही. शिवाय नावे लपवण्याची सक्ती! १९८२ च्या संपात उपास काढलेल्या माणसाला ‘सहभागी क्रमांक ०७’ म्हणायचे, आणि त्याची एकच अट अशी की नाव छापायचे, तेही वडिलांच्या नावासकट.

मात्र दुसऱ्या खेपेला त्यांनी एक प्रश्न बरोबर विचारला होता : सांगणारा वारल्यानंतर ध्वनिमुद्रणावर हक्क कोणाचा? त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून त्या रात्री मी समितीला यथेच्छ शिव्या दिल्या. आणि मे महिन्यात आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी संमतीच्या कागदांवर मी एकही ओळ न वाचता सह्या केल्या होत्या, हे इथे सांगितलेच पाहिजे असे नाही.

आज रकान्यात ‘० मिलिलिटर’ असे लिहिले आहे, आकड्यांत आणि अक्षरांतही. आता पंधरा प्रती काढायला निघाले आहे.