मातृवंदनेचे पैसे तिप्पट झाले म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा बघा

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला चार-पाच जणांकडून आला. म्हणणं असं की २०१० साली गरोदर बाईला सरकार ४ हजार द्यायचं, आता ११ हजार देतं, म्हणजे जवळपास तिप्पट, महागाई धरली तरी वाढच, आणि दरडोई उत्पन्न २ लाखांच्या वर गेलंय तर अजून काय पाहिजे. पाठवणारी माणसं आपलीच आहेत, चांगली आहेत, मुद्दाम खोटं पसरवायला कुणी पाठवलं नाही, म्हणूनच एकेक मुद्दा धरून लिहितेय.

"आधी ४ हजार, आता ११ हजार"

हे ११ हजार कुठल्याच एका बाळंतपणाला मिळत नाहीत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५ हजार, आणि दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच ६ हजार, या दोघांची बेरीज करून ११ काढलेत. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर त्या बाळंतपणाला काहीच नाही. २०१० ची इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना मात्र पहिल्या दोन बाळांना होती, मुलगा असो की मुलगी, म्हणजे ११ च्या समोर ठेवायचे तर ८ ठेवा ना, ४ का ठेवता? पुढे २०१३ ला अन्न सुरक्षा कायदा आला, त्यात किमान ६ हजार असं कायद्यातच लिहिलं गेलं आणि त्या योजनेची रक्कमही ६ हजार झाली, दोन बाळांचे १२. हे मधलं २०१३ साल मेसेजमध्ये नाहीच. आज दोन मुलगे असलेल्या आईला विचारा, तिला या योजनेतून सगळे मिळून ५ हजार मिळालेत.

"महागाई धरली तरी वाढच"

धरूनच बघू. किरकोळ महागाईचा सरकारी निर्देशांक (२०१२ = १००) २०१३-१४ ला सरासरी ११२ च्या आसपास होता, २०२४-२५ ला १९२-१९३. म्हणजे तेव्हाच्या ६ हजारांत जे यायचं त्याला आता १० हजारांच्या थोडं वर लागतात. आणि २०१० चे ४ हजार, म्हणजे मेसेजवाल्यांचा स्वतःचाच आकडा, तो औद्योगिक कामगारांच्या महागाई निर्देशांकाने आज ९ हजारांच्या आसपास जातो. पहिल्या बाळाला मिळतात ५. म्हणजे वाढ सोडाच, जवळपास अर्ध्यावर आलोय. रक्कम २०१७ पासून तीच आहे, डाळ तेल दूध कुणी २०१७ च्या भावात देतं का?

"दरडोई उत्पन्न २ लाखांवर गेलंय"

गेलंय, खरं आहे. २०१३-१४ ला ७९ हजारांच्या आसपास होतं, २०२४-२५ ला २ लाख ५ हजारांच्या आसपास. पण याच आकड्यांनी भागा की, ६ हजार म्हणजे तेव्हाच्या दरडोईचे साडेसात टक्के होते, ५ हजार म्हणजे आताचे अडीच टक्के पण होत नाहीत. आणि दुसरं, दरडोई म्हणजे सरासरी. गल्लीत दहा घरं आहेत, नऊ घरांत महिना १५ हजार येतात आणि एका बिल्डरच्या घरात १० लाख, तर सरासरी एक लाखाच्या वर जाते, त्याने नऊ घरांच्या चुलीवर काय जास्तीचं शिजतं? बघायचं असतं मधल्या माणसाचं उत्पन्न, मिडियन, शाळेत आपण मध्यक शिकलो तेच, सगळ्यांना कमाईप्रमाणे ओळीत उभं करा आणि मधोमध कोण आहे बघा. या गल्लीत तो १५ हजारवाला निघतो. आपल्याकडे देशाच्या मिडियनचा तसा दरवर्षीचा सरळ सरकारी आकडा हाताशी नसतो, म्हणून मी रोजगार हमीची मजुरी घेते. ती घ्यायला अजून एक कारण आहे. बाईची बुडालेली मजुरी थोडी भरून निघावी, तिला विश्रांती मिळावी, हाच या योजनेचा लिहिलेला उद्देश आहे. मग मजुरीनेच मोजलं पाहिजे.

महाराष्ट्रात रोजगार हमीचा (रोहयोचा) दिवसाचा दर २०१३-१४ ला १६२ रुपये होता. ६ हजार म्हणजे ३७ दिवसांची मजुरी. २०१७-१८ ला दर २०१, रक्कम ५ हजार, म्हणजे २५ दिवस. २०२५-२६ ला दर ३१२, रक्कम तीच, १६ दिवस. सोळा दिवस! ओली बाळंतीण सोळाव्या दिवशी खुरपायला जाणार का? आणि शेतातली मजुरी बऱ्याच ठिकाणी रोहयोपेक्षा जास्त आहे, त्याने मोजलं तर दिवस अजून कमी भरतील.

"आधी फक्त ५३ जिल्ह्यांत होतं, आता देशभर आहे"

हे बरोबर आहे, आणि मोठी गोष्ट आहे, मी मान्य करते. महाराष्ट्रात तेव्हा अमरावती आणि भंडारा एवढेच जिल्हे होते. बाकीच्या बायकांना शून्य होतं, त्यांना आता ५ हजार मिळतात, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण जास्त जणींना मिळतंय आणि प्रत्येकीला जास्त मिळतंय ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि कायदा २०१३ पासून देशभराचाच होता.

"जननी सुरक्षा धरून ६ हजार होतातच"

दोन्ही योजना मिळून कायद्यातले ६ हजार सरासरीने भरतात, असं सरकारचं म्हणणं आहे. महाराष्ट्रात खेड्यातल्या पात्र बाईला दवाखान्यात बाळंतपण झालं की जननी सुरक्षाचे ७०० मिळतात, शहरात ६००. ५ हजार अधिक ७०० किती होतात ते मोजा. आणि ते ७०० पण कित्येक वर्षं ७०० च आहेत.

मग किती पाहिजेत? २०१३ चेच ३७ दिवस २०२५-२६ च्या ३१२ ने गुणा, ११ हजार ५४४ येतात. मेसेजमधला ११ चा आकडा इथे बसतो, फक्त तो एका बाळंतपणाचा हवा, आणि तेवढे दिले तरी आपण २०१३ च्याच जागेवर येतो. तामिळनाडूने १९८७ ला ३०० रुपयांपासून सुरुवात केली होती, २००६ ला ६ हजार केले, २०११ ला १२, २०१८ ला पोषणाचं किट धरून १८ हजार, आणि केंद्राचे पैसे त्यातच मिळवून घेतले. आपल्या अंगणवाडीत ताई अजून ३ हजार आणि २ हजार अशा दोन हप्त्यांचाच फॉर्म भरून घेतात.