जरा नीट दिसेल असं

"टेबल चांगलं झालंय. फक्त जरा नीट दिसेल असं कर," मॅडम म्हणाल्या. हा 'जरा' मी सकाळी साडेदहाला हातात घेतला.

साध्या वहीत टेबल नीट दिसायला पट्टी-पेन्सिल पुरते. माझी वही ज्युपिटरची, म्हणजे कॉम्प्युटरवरची, कोड लिहून चालवायची. तिथे टेबल पांडाज नावाचं पायथनचं साधन काढतं, आणि ओळी 60च्या वर गेल्या की पहिल्या पाच, शेवटच्या पाच दाखवून मधल्या सगळ्यांना तीन ठिपक्यांत गुंडाळतं. त्यात सगळा मजकूर उजवीकडे चिकटलेला, जणू पान कुणीतरी तिरकं धरलंय.

म्हटलं, आधी नावांचा कॉलम डावीकडे घेऊ. त्यासाठी पांडाजमध्येच टेबल नटवणारा स्टायलर असतो. 'टेक्स्ट अलाइन लेफ्ट' लिहिलं, नावं शहाण्यासारखी डावीकडे गेली. वरचं शीर्षक उजवीकडेच! सेलची कळ वेगळी, शीर्षकाची वेगळी, हे कळायला पाऊण तास गेला. मग सवयीने पहिल्या पाच ओळी बघायला 'हेड' लिहिलं, तर एरर. टेबल एकदा नटलं की ते टेबल राहत नाही, स्टायलर होतं, आणि जुनी ओळख दाखवत नाही.

पुढे हौस वाढली. कॉलम होता तक्रारीला उत्तर द्यायला लागलेल्या वेळाचा. प्रत्येक आकड्याला 'मिनिटं' अशी शेपटी चिकटवली. आकड्यांची अक्षरं झाली. क्रम लावला तर 100 मिनिटं 9 मिनिटांच्या आधी! शेपटी कापली आणि स्टायलरच्या 'फॉरमॅट'मधून परत लावली; तिथे आकडा आत आकडाच राहतो, बदलतो तो फक्त वरचा वेष.

आता रंग. जितका वेळ जास्त तितका लाल गडद. चालवून बघतो तर एकच सेल लालभडक, बाकी सगळं टेबल पांढरंफटक. मला वाटलं, छटाच फिकी आहे. निळी घेतली, हिरवी घेतली, जांभळी घेतली. दर वेळी तोच एक सेल रंगपंचमी खेळून आलेला आणि बाकीचे सुतकात. शेवटी 'व्हीमॅक्स' सापडला, म्हणजे सगळ्यात गडद रंग कोणत्या आकड्याला द्यायचा ते ठरवणारा. त्यात 200 लिहिलं, म्हणजे त्याच्या वरचे सगळे एकाच गडद रंगात. टेबल कसं भरल्यासारखं दिसू लागलं! तो लालभडक सेल गर्दीत मिसळून गेला. मीही त्याच्याकडे परत पाहिलं नाही.

शेवटचा साज म्हणून आयटेबल्स नावाचं आणखी एक साधन लावलं: शोधायला चौकट, पानं उलटायची सोय, शीर्षकावर क्लिक केलं की क्रम बदलतो. संध्याकाळी मॅडमना दाखवलं. त्यांनी वेळेच्या शीर्षकावर क्लिक केलं. एकदा. मग पुन्हा एकदा.

सगळ्यात वर आलं: 9999 मिनिटं.

"एका तक्रारीला जवळजवळ सात दिवस?"

माहिती नसेल तिथे फाइल भरणाऱ्याने 9999 ठोकून दिलं होतं. दुपारभर तो सेल मला हेच ओरडून सांगत होता, आणि मी त्याच्यासाठी छटा शोधत होतो.

"नाव मात्र डावीकडे आलंय," मी म्हटलं.