चौकोन पाडले की झाला न्याय?

अमेरिकेतल्या मतदारसंघांबद्दलचा तो मेसेज बरेच दिवस फिरतोय, मी दुर्लक्ष करत होतो, पण काल मामांनीच तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली "वाचा आणि विचार करा" असंही लिहिलं. केला विचार मामा, आता ऐका.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: वेडावाकडा मतदारसंघ दिसला की पक्षाने आपल्या सोयीने सीमा आखून जागांची चोरी केली समजा, नकाशावर सरळ चौकोन पाडले की प्रश्न मिटला, जितके टक्के मतं तितके टक्के जागा नसतील तर फसवणूक, आणि २०१९ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ही चोरी कायदेशीर करून टाकली.

आधी ते चौकोन, कारण सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्यात. एका मतदारसंघात साधारण साडेसात लाखाच्या वर माणसं बसवायची असतात, आणि माणसं काही वहीच्या रेघांवर राहत नाहीत, कुठे खच्चून गर्दी तर कुठे मैलोन्‌मैल शेतं. बरं, ते सोडा. पेनसिल्वेनियाचं बघा. तिथला जुना सातवा मतदारसंघ एवढा भयंकर होता की लोक म्हणायचे कार्टूनमधला गूफी डोनाल्ड डकला लाथ मारतोय, आणि २०१२ ला डेमोक्रॅटना राज्यात मतं जास्त पडूनही १८ पैकी ५च जागा मिळाल्या. इथपर्यंत मेसेज बरोबर, मान्य. पण पुढचं त्यात कुठेच नाही! २०१८ ला राज्याच्या कोर्टाने तो नकाशा रद्द केल्यावर रिपब्लिकन नेत्यांनी नवा नकाशा दिला, एकदम नीटनेटका, लाथबिथ काही नाही. मून डूचिन नावाच्या गणितज्ञ बाईंनी तो तपासला. त्यांची पद्धत अशी की कॉम्प्युटरकडून नियमात बसणारे ढीगभर नकाशे काढून घ्यायचे, पक्ष न बघता, आणि मग समोरचा नकाशा त्या ढिगात कुठे बसतो ते बघायचं. निघालं काय, तर पक्ष न बघता काढलेला नकाशा रिपब्लिकनांच्या इतक्या फायद्याचा निघण्याची शक्यता हजारात एकाहून जास्त नाही. म्हणजे दिसायला गोंडस आणि आत तेच. शेवटी कोर्टाने स्वतः नकाशा लावला आणि त्या वर्षी जागा ९-९ झाल्या.

उलटंही होतं. इलिनॉयचा जुना चौथा मतदारसंघ कानांवर लावायच्या इअरमफसारखा (दोन गोळे आणि मधे पट्टी) दिसायचा म्हणून सगळे हसायचे, पण लॅटिनो लोकांच्या दोन वस्त्या जोडायला तो तसा काढला होता, मधल्या कृष्णवर्णीय मतदारसंघाला धक्का न लावता.

टक्केवारीचं उत्तर परत त्याच बाईंकडे आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकनांना तिसरा हिस्सा मतं पडतात तरी ९ पैकी एकही जागा नाही. चोरी? त्यांच्या टीमने दाखवलं की ही मतं राज्यभर इतकी सारखी पसरलीत की काही निवडणुकांच्या आकड्यांवर तर कशाही रेघा मारा, एकही रिपब्लिकन बहुमताचा मतदारसंघ निघतच नाही.

कोर्टाचं अर्धं खरं आहे, आणि तेच जास्त त्रासदायक. २०१९ चा निकाल ५ विरुद्ध ४ असा होता आणि त्यात एवढंच म्हटलंय की पक्षीय जेरीमँडरिंगचा, म्हणजे पक्षाच्या फायद्यासाठी सीमा आखण्याचा, निवाडा फेडरल (केंद्राची) कोर्टं करू शकत नाहीत. ते चांगलं आहे असं नाही म्हटलं, आणि राज्यांचे कायदे, राज्यांची कोर्टं यांना दरवाजा उघडाच ठेवलाय.

राहता राहिली मेसेजची शेवटची ओळ, "पक्षांच्या हातात पेन्सिल देऊ नका". ही मात्र पटते, नाइलाजाने. आयोवात १९८० पासून विधिमंडळाचा निःपक्ष कर्मचारीवर्ग नकाशा काढतो आणि आमदार कुठे राहतो, मागच्या वेळी कुणाला किती मतं पडली हे बघायलाच त्यांना बंदी आहे. मंजुरी आमदारांचीच लागते म्हणा, २०२१ ला राज्याच्या सिनेटने पहिला नकाशा परत पाठवला आणि दुसरा पास केला. आणि मामा, आयोवाच्या काउंट्याच (म्हणजे जिल्हेच) मुळात चौकोनी, त्यामुळे तो नकाशा बऱ्यापैकी तुमच्या मेसेजमधल्यासारखाच दिसतो. २०२२ ला त्यावर चारच्या चारही जागा रिपब्लिकनांना गेल्या. आता ही चोरी म्हणायची का न्याय, ते ग्रुपवर लिहा.