‘नेब्युलस’ची आई नव्हे, मावशी

‘धूसर, अस्पष्ट या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘नेब्युलस’ हा मूळचा संस्कृत ‘नभस्’ असून रोमन लोकांनी तो आपल्याकडून उचलला. आकाशाला अंत नाही म्हणून त्याला ‘अनिश्चित’ हा अर्थ आला. आणि संस्कृत ही लॅटिनची जननी असल्याचे खुद्द ब्रिटिश संस्कृत-अभ्यासक विल्यम जोन्स यांनीच मान्य केले आहे’, असा मजकूर वरचेवर फिरत असतो. या दोन शब्दांचे नाते खरे आहे, ते जन्यजनकाचे मात्र नाही.

इंग्रजीने हा शब्द 14व्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमधून घेतला आणि लॅटिन ‘नेबुला’ म्हणजे धुके, इथवर वाद नाही. पण ‘नेबुला’ जर ‘नभस्’पासून निघाला, तर त्यात ‘ए’ कुठून आला? ग्रीक ‘नेफोस’, रशियन ‘नेबो’, जर्मन ‘नेबेल’ या सर्वांत ‘ए’ आहे; ‘अ’ आहे तो संस्कृतात, आणि तोही नंतरचा. ‘आणि’ या अर्थी लॅटिनमध्ये ‘क्वे’ येतो, तिथे संस्कृतात ‘च’ येतो. मूळच्या कंठ्य वर्णाचा असा तालव्य ‘च’ होण्यास पुढे ‘ए’सारखा स्वर असावा लागतो, आणि तो आपले काम करून मगच ‘अ’मध्ये विरला, हे 1870च्या दशकात भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. संस्कृतात जो ऱ्हस्व ‘ए’ उरलाच नव्हता, तो रोमन लोक तिच्याकडून उसना कसा घेणार? व्यंजनांचेही तसेच आहे: संस्कृत ‘भ’च्या जागी लॅटिनमध्ये शब्दारंभी ‘फ’ येतो (‘भ्रातृ’, ‘फ्रातेर’) आणि ‘नेबुला’प्रमाणे शब्दाच्या मध्ये ‘ब’. असा स्थानपरत्वे ठरलेला फरक एकाच मूळ भाषेतून फुटलेल्या बहिणींमध्ये दिसतो.

अर्थाचा खुलासा तर उलटाच आहे. ‘नभोवाणी’ म्हणणाऱ्या आपल्याला नभ म्हणजे आकाशच वाटते, पण वेदांत ‘नभस्’चा अर्थ धुके, वाफ, मेघ असाही आहे, आणि श्रावणाचे जुने नावही ‘नभस्’च आहे; निरभ्र, अनंत आकाशाचा महिना म्हणून श्रावणाला कोणी ओळखत नाही! ‘नेब्युलस’मधली अस्पष्टता धुक्याची आहे.

राहिले जोन्स. 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी संस्कृतची मुक्तकंठाने स्तुती केली, हे खरेच. पण त्याच ओघात त्यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, असेही म्हटले होते. फिरत्या मजकुरात हा भाग नेमका गाळलेला असतो.